चार विहिरी आणि पाचवी ओळ

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं वर्ष चालू होतं, आणि माझ्या नोंदीवर शंका घेणारा माणूस गावात तोवर कोणी नव्हता. हे मी फुशारकीनं लिहितोय असं वाटेल. वाटू द्या. थोडी आहेच.

शाळा माझी चौथीपर्यंत. त्यानंतर बरीच वर्षं मिळेल ते काम केलं आणि मग तीस वर्षं गावच्या नळयोजनेवर वॉलमन होतो. वॉलमन म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला सांगावं लागतं. टाकीतून निघालेलं पाणी कोणत्या गल्लीला किती वेळ जाईल, ते रस्त्यातल्या खड्ड्यांमधले वॉल फिरवून ठरवणारा माणूस. हातात एक लांब लोखंडी पाना, बाकी काही नाही. काम बघायला सोपं. गोम अशी की जमिनीखाली सगळे पाईप एकमेकांना जोडलेले असतात, आणि कोणी कुठं काय जोडून ठेवलंय ते कुणालाच आठवत नसतं.

एकदा एका लग्नघरानं फारच गळ घातली म्हणून मी त्यांच्या गल्लीचा वॉल पाव आटा जास्त सोडला. तिकडं आचारी खूश झाला. आणि दोन गल्ल्या पलीकडं, जिथं मी बोटसुद्धा लावलं नव्हतं, तिथं पोस्टमास्तर तोंडाला साबण लावून कोरड्या नळाखाली बसले. त्याच अवतारात ते मला शोधत आले.

"पांडबा, काय केलंस रे?"

"तुमच्या वॉलला हात लावला न्हाई, मास्तर. आईशप्पत."

शपथ खरी होती, पण साबणही खरा होता. तेव्हापासून काही बिघडलं की मी हात लावलेली जागा नंतर बघायचो, न लावलेली आधी.

नोकरी संपल्यावर घरात बसणं मला जमेना आणि मी घरात बसणं घरच्यांना जमेना. त्याच सुमारास नगरची एक पाणलोटाची संस्था गावात काम करू लागली होती. आमचं गाव राहुरीच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला आहे. कालव्याचं पाणी आमच्यापासून लांबून जातं, ते नुसतं बघायचं. सगळी मदार विहिरींवर. संस्थेनं चार विहिरींची पाणीपातळी दर आठवड्याला मोजायचं काम मला दिलं.

मोजायची रीत अशी. टेपच्या टोकाला एक पितळेची वाटी उलटी बांधलेली असते. टेप आत सोडत जायचा. वाटी पाण्याला टेकली की 'डुब' असा आवाज येतो. आवाज आला की कठड्यापाशी टेप धरायचा आणि आकडा वहीत लिहायचा. कठड्यापासून पाणी जितकं खाली, तितका आकडा मोठा. खाली वाकून बघत बसायची गरज नाही. विहीर डोळ्यानं मोजणारा माणूस एक दिवस विहिरीत सापडतो.

नुसते आकडे गावात कोण वाचणार? म्हणून मी एक युक्ती काढली. चारही विहिरींच्या कठड्याला वेगवेगळ्या रंगाचा पट्टा मारला. शाळेजवळच्या विहिरीला निळा, देवळामागच्या विहिरीला पिवळा, बापूराव पाटलाच्या विहिरीला लाल आणि गंगूबाईच्या विहिरीला हिरवा. आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्याच रंगांनी चार रेघा काढायला लागलो. पाणी उतरलं की रेघ उतरणार, चढलं की चढणार. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आपली विहीर भिंतीवर ओळखता यायची. बायका घागर घेऊन जाता जाता म्हणायच्या, "पिवळी लई उतरली बाई यंदा."

यावर गावानं एक नियम केला. होळीच्या आधी ग्रामसभा भरायची. भिंतीवर ज्या विहिरीची रेघ सगळ्यात खाली, त्या विहिरीवरची शेताची मोटार पाऊस पडेपर्यंत बंद. मोटारीचे तिन्ही फ्यूज काढून सरपंचांच्या कपाटात ठेवायचे. मालक कोणी का असेना. या नियमावर कधी भांडण झालं नाही, कारण भिंतीशी कोण भांडणार? आणि भिंतीखाली माझी सही असायची.

पुढं माझा हात थरथरायला लागला. रेघ सरळ येईना. लोक म्हणायला लागले की पांडबाच्या रेघेत विहिरीपेक्षा पांडबाच जास्त दिसतो. तेव्हा संस्थेतल्या तबस्सुम मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही फक्त आकडे पाठवा. चित्र कॉम्प्युटर काढेल. रंग तुमचेच ठेवते." मॅडम भिंगारच्या, वय तिशीच्या आसपास, बोलायला गोड आणि कामाला चोख. दोन वर्षं कॉम्प्युटरची चित्रं आली आणि माझ्या भिंतीपेक्षा सुबक आली, हे मला कबूल करावं लागेल. त्यावेळी केलं नव्हतं.

तेवीस सालचं चित्र आलं ते नुसतं सुबक नव्हतं, ते नटून आलं होतं. मोठा चकचकीत कागद. मागं फिकट करडा रंग, त्यावर पांढऱ्या बारीक रेघांची जाळी. आणि खाली उजव्या कोपऱ्यात छापलेलं होतं: 'नोंद: पांडुरंग सखाराम' आणि पुढं आडनाव. माझं नाव छापलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. लग्नपत्रिकेत होतं म्हणतात, पण तिथं मला 'चि. पांडूरंग' करून टाकलं होतं. इथं अगदी बरोबर होतं. मी नाव वाचलं. परत वाचलं. चष्मा पुसून एकदा वाचलं. आणि त्याच्याखाली सही केली.

रेघा मी बघितल्याच नाहीत. ते आज लिहितोय.

ग्रामसभेत कागद बोर्डावर लावला. सगळ्यांनी तळाची रेघ तेवढी बघितली, ती होती हिरवी. हिरवी म्हणजे गंगूबाई. लोकांत कुजबुज झाली, कारण गंगूबाईची विहीर कधी एवढी उतरत नाही. पण तिनं आदल्या वर्षी बिघाभर गुलाब लावला होता. फुलं रोज पहाटेच्या गाडीनं शिर्डीला जात. कोणीतरी म्हणालं, "गुलाबानं पेलं सगळं पानी." सगळ्यांना पटलं. बापूराव पाटील तर उठून उभा राहिला.

"कॉम्प्युटरला काय नातंगोतं हाय का?" तो म्हणाला. "जे हाय ते हाय. नियम तो नियम."

नियमाबद्दल बापूरावाला इतकं प्रेम उफाळलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

गंगूबाईचे फ्यूज काढले. दोन दिवसांनी ती माझ्या अंगणात आली. ती मला दोन वर्षांनी थोरली, लहानपणापासून ओळखते, त्यामुळं भीडभाड नाही.

"पांडबा, माझ्या हिरीत म्हस बुडंल एवढं पानी हाय. तू मोजलं का सपान बघितलं?"

"बोर्ड खोटं बोलत न्हाई, गंगूबाई."

"मग तू बोलतो."

"जा घरी. उन्हाचं डोकं तापलंय तुझं."

"माझं तापलंय. तुझं तर रिकामं हाय, तापायला आत काय पाहिजे ना."

ती गेली. मी आठ दिवस हटलो नाही; त्या आठवड्याची मोजणीही राहू दिली, वही उघडली नाही. रोज कोणीतरी येऊन सांगे की गंगूबाईचा गुलाब माना टाकायला लागला. रोज मी म्हणे, बोर्ड खोटं बोलत नाही. ती घागरीनं पाणी काढून झाडांना घालते असं कळलं. बिघाभर गुलाबाला घागरीनं! मला वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यापेक्षा माझी सही मोठी होती.

नवव्या दिवशी तिचं तोंड बंद करावं म्हणून टेप घेऊन तिच्या विहिरीवर गेलो. चार माणसं साक्षीला नेली. टेप सोडला. बावीस फुटांवर 'डुब' वाजलं. मी टेप वर घेतला आणि पुन्हा सोडला. बावीस. साक्षीला आणलेली चार माणसं आता माझ्याकडं बघायला लागली.  गंगूबाई कमरेवर हात ठेवून नुसती उभी होती, आणि ती न बोलता उभी आहे हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तिथून तडक बापूरावाच्या विहिरीवर गेलो. मोटार धडधडत होती. एक्केचाळीस फूट. घरी येऊन वही काढली. वहीत ग्रामसभेच्या आठवड्याला गंगूबाईच्या पुढं एकवीस होतं, बापूरावाच्या पुढं अडतीस. म्हणजे वही बरोबर. विहीर बरोबर. मग कागदावर हिरवी रेघ तळाला गेली कशी?

सरपंच सुनीताताईंना सांगितलं. त्या चांगल्या स्वभावाच्या, पण राजकारणी. त्या म्हणाल्या, "तात्या, राग धरू नका. एकदा डोळं तपासून या नगरला."

"मी डोळ्यानं मोजत न्हाई, कानानं मोजतो."

"मग कान तपासा."

"नगरला जातो," मी म्हणालो, "पण डॉक्टरकडं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघालो. पिशवीत वही, टेप आणि गुंडाळलेला तो चकचकीत कागद. नगरला तारकपूर स्टँडवर उतरलो, भिंगारच्या रिक्षेत बसलो आणि संस्थेचं ऑफिस उघडायच्या आधी दारात जाऊन उभा राहिलो.

तबस्सुम मॅडमनी चहा दिला. मी म्हणालो, चहा नंतर. त्यांनी माझी वही आणि कॉम्प्युटरमधले आकडे ओळीनं ताडून बघितले. सगळे बरोबर.

"काका, चित्र बरोबर आहे. हे बघा, कोपऱ्यात लिहिलंय. सगळ्यात खालची रेघ बापूराव पाटलांची."

मी वाकून बघितलं. मुंगीएवढं इंग्रजी.

"हे आमच्या गावात कोण वाचनार? आमी रंग बघतो. बापूराव लाल हाय. तुझ्या चित्रात तो हिरवा झालाय. गंगूबाई निळी झालीय. आन् शाळेची हिर," मी म्हणालो, "ती तर गुलाबी दिसतीय. आमच्याकडं गुलाबी हिरच न्हाई."

मॅडमनी कागद जवळ ओढला. मग म्हणाल्या, "पण रंगांना मी हात लावलेला नाही काका. खरंच."

पोस्टमास्तरांचा साबण मला तिथं दिसला. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसलो.

"हात लावला न्हाई ना? मग आता सांग, नवं काय जोडलंस?"

"काहीच नाही."

तीस वर्षं मी हेच ऐकलं. चोरून नळ जोडणारा प्रत्येक माणूस आधी 'काहीच नाही' म्हणतो. मी म्हणालो, "दोन वर्षांपूर्वीचा तुझा तो कागद काढ, ज्याच्यावर कॉम्प्युटरला हुकूम लिहिलेत."

त्याला प्रोग्राम म्हणतात. त्यांनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात. मॅडमनी समजावलं की चित्र काढायची हत्यारं दुसऱ्यांनी करून ठेवलेली असतात. वरच्या ओळींमध्ये फक्त एवढंच सांगायचं, की अमुक पेटी आत आण, तमुक पेटी आत आण. याला इम्पोर्ट म्हणतात. मग खाली त्यातलं हत्यार वापरायचं. जुन्या कागदावर अशा चार ओळी होत्या. नव्यावर पाच.

"ही पाचवी कोन?"

"ती होय. आमच्या मोठ्या ऑफिसनं अहवाल छान दिसावेत म्हणून एक पेटी केलीय. मला पावसाचं एक गोल चित्र काढायचं होतं, म्हणून आणली. ते साहेबांना आवडलं नाही, मी काढून टाकलं. ही ओळ तशीच राहिली."

"आता वापरत न्हाईस?"

"अजिबात नाही. नुसती उभी आहे."

"मग काढ."

"काका, तिचा काही संबंधच नाही. जे वापरलंच नाही ते बिघडवेल कसं?"

"पाहुना घरात शिरला, जेवला न्हाई, बोलला न्हाई, म्हनून त्यानं काही केलंच न्हाई असं कसं म्हनायचं? आधी बघ तरी."

मग आम्ही वॉल बंद करून गळती शोधतात तसं सुरू केलं. एकेक ओळ बंद करायची आणि चित्र बघायचं. पहिली ओळ बंद केली तर कॉम्प्युटरनं लालभडक अक्षरांत शिव्या घातल्या. ती उघडली. दुसरी बंद केली, परत शिव्या. तिसरी, चौथी तशाच. म्हणजे या चारही लागतात. पाचवी बंद केली. शिव्या नाहीत. चित्र आलं.

हिरवा बापूराव. गुलाबी शाळा. जसंच्या तसं.

"बघा," मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, पण हसू आवरलं ते मला दिसलं. "म्हणाले होते ना? आता चहा घ्या."

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की कान तपासून घ्यावेत. चहाचा कप उचलला. आणि कप तोंडापाशी नेताना डोक्यात आलं. वॉल बंद केला म्हणून नळ लगेच सुकत नाही. पाईपात आधी शिरलेलं पाणी वाहतच राहतं. नवखा माणूस इथंच फसतो. त्याला वाटतं हा वॉल नव्हे, आणि तो पुढच्या खड्ड्याकडं जातो.

"पोरी," मी म्हणालो, "तुझ्या पाईपात अजून जुनं पानी हाय. ती पेटी सकाळधरनं आत येऊन बसली, आता ओळ पुसली म्हनून ती भाईर गेली का? सगळं रिकामं कर. पार बंद कर. मग पयल्यापास्नं चालू कर."

 मॅडमनी सगळं बंद केलं आणि पहिल्यापासून चालू केलं. पाचवी ओळ नव्हती. चित्र आलं.

निळी शाळा. पिवळं देऊळ. तळाला लाल बापूराव. आणि सगळ्यात वर हिरवी गंगूबाई. मागची करडी झूलही गेली होती.

"या अल्ला," मॅडम हळूच म्हणाल्या.

त्यांनी ती पेटी उघडून आत बघितलं. आत कुणीतरी लिहून ठेवलं होतं, की ही पेटी आली रे आली की सगळ्या चित्रांचे रंग, जाळी, अक्षरं, सगळं आमच्या पसंतीचं करा. कुणाला न विचारता. मॅडमनी माझ्या रंगांची यादी वर दिली होती, ही पेटी तिच्या खालून आत आली आणि यादी पुसून स्वतःची ठेवून बसली. वापरायची गरजच नव्हती. दारातून आत आली एवढं पुरलं.

साहेब आत आले. "हे कोण?" त्यांनी विचारलं.

"आपल्या प्रोग्रामचे वॉलमन, सर," मॅडम म्हणाल्या. साहेबांना काही कळलं नाही, पण त्यांनी नमस्कार केला. मीही केला.

निघायच्या आधी मी आणखी एक गोष्ट करून घेतली. रंग यादीतल्या नंबराप्रमाणं देऊ नको म्हणालो. प्रत्येक विहिरीच्या नावालाच तिचा रंग बांध. म्हणजे उद्या कुणीही आत येऊन बसलं तरी बापूराव लालच राहील. आणि रेघेच्या टोकाला नाव लिही, मराठीत, मोठ्या अक्षरात. मॅडमनी केलं. "हे आधीच करायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "माझी चूक काका. तसं पत्र देते गावाला." त्या दिवशी मी आणलेल्या कागदांत ते पत्रही होतं. चोख बाई.

दुपारच्या एसटीनं गावात आलो. उन्हं उतरायच्या आत सुनीताताईंनी माणसं बोलावली. नवा कागद लावला. बापूराव तयारच होता.

"व्वा! धा-बारा दिवसांमागं कॉम्प्युटर देव हुता, आता लगेच बदलला का? मला तर वाटतं पांडबाच्या वहीतच घोळ हाय."

"वही बरोबर हाय," सुनीताताई म्हणाल्या. "मॅडमचं पत्र आलंय. चूक त्यांच्याकडनं झाली."

तिथं मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. पत्रात माझं नाव नव्हतं. गंगूबाई मागं बायकांत बसली होती. तिच्या हाताला घागरीच्या दोरानं फोड आले होते, त्यावर फडकं बांधलं होतं. मी उठलो.

"चूक मॅडमची झाली नगरात," मी म्हणालो. "गावात माझी झाली. सहीच्या आधी रेघा बघायचं काम माझं हुतं. मी माझं छापलेलं नाव बघत बसलो. ही बाई सांगाया आली तर हिला हाकललं. आठ दिवस."

 बापूरावानं स्वतःच खिशातून किल्ली काढून फ्यूज आणायला मोटारीच्या खोलीकडं माणूस पाठवला. गंगूबाईचे फ्यूज कपाटातून काढून सुनीताताईंनी तिच्या पदरात घातले. ती जाता जाता माझ्यापाशी थांबली.

"बोलून झालं?" ती म्हणाली. "तीन वाफे गेले माझे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवस उगवायला मी खोरं घेऊन तिच्या गुलाबात गेलो. ती मोटार चालू करत होती.  पाणी पाटात आलं. मी दारं धरलं, म्हणजे एक वाफा भरला की माती ओढून तो बंद करायचा आणि पुढचा फोडायचा. हे काम मी चाळीस वर्षांत केलं नव्हतं. कंबर दुसऱ्याच वाफ्याला बोलायला लागली. कडेच्या तीन वाफ्यांत झाडं वाळून काटक्या झाली होती, हात लावला की मोडत होती. मी तिकडं पाणी वळवलं.

"ते मेलेत," गंगूबाई बांधावरून ओरडली. "पानी वाया घालवू नको."

"मुळाशी एखादं जितं असंल."

"न्हाई रे काही जितं. मी बघितलंय. ऐक माझं."

तिचं खरं होतं, आणि ते मलाही दिसत होतं. तरी मी तिन्ही वाफे काठोकाठ भरले.